साधनाची लाज

मनुष्य हा साधनें निर्माण करणारा प्राणी आहे असें आपण म्हणतों आणि त्याचा आपणांस अभिमानही वाटतो. परंतु तींच साधनें वापरण्याच्या बाबतींत आपली वृत्ति मोठी विसंगत असते. चष्मा लावून वाचणारा गृहस्थ आपण दृष्टीच्या कामीं कांहीं लबाडी करीत आहों असें मानीत नाहीं. आषाढीस आगगाडीनें पंढरपूर गांठणाऱ्या भाविकास मात्र पायीं चालत आलेल्या वारकऱ्यापुढें थोडें ओशाळल्यासारखें होतें. शब्दकोश उघडणाऱ्या विद्यार्थ्यास आपण अभ्यासू म्हणतों; तोच विद्यार्थी बाजारांतील गाईड उघडून बसला कीं त्यास आळशी म्हणतों. ह्या चारही ठिकाणीं मनुष्याचे श्रमच वाचले आहेत. मग दोन ठिकाणीं मान ताठ कां, आणि दोन ठिकाणीं ती खालीं कां ? श्रम वाचविण्यांत नीतीचा प्रश्न येतो तो नेमका कोठें येतो ?

मोठ्या प्रश्नाचा विचार एखाद्या लहान वस्तूच्या आधारानें केला तर तो हातून निसटत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. म्हणून ह्या लेखापुरती आम्ही एक अगदीं लहान, दोन-तीनशे रुपयांत मिळणारी वस्तु निवडली आहे. तिचें नांव कॅपो. गिटार वाजविणाऱ्या मुलामुलींच्या पिशवींत ती सहज सांपडेल. त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकीं अनेकांनीं ती पाहिली असेल, पण तो कसला चिमटा आहे हें विचारण्याचें कारण त्यांना पडलें नसेल. गिटार हें वाद्य आमच्या समाजास आतां परकें राहिलेलें नाहीं. गोव्यांत तें पिढ्यान् पिढ्या वाजत आलें आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गोमंतकीय वादकांनीं त्याला आपलेंसें करून सोडलें. आणि ज्या घरांत पूर्वीं कोनाड्यांत पेटी असे त्या घरांत आज कोपऱ्यांत गिटार टेकून ठेवलेली दिसते.

ह्या वाद्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. गिटारीस सहा तारा असतात. त्या एका टोंकास घोडीवरून आणि दुसऱ्या टोंकास, खुंट्यांच्या अलीकडे, मेरूवरून जातात. ह्या दोहोंच्या मधला तारेचा भाग कंप पावतो आणि सूर निघतो. दांडीवर धातूचे पडदे पक्के बसविलेले असतात. बोटानें तार पडद्यामागें दाबली म्हणजे कंप पावणारी लांबी कमी होते व सूर चढतो. एकेक पडदा पुढें सरकावें तसा तो अर्ध्या अर्ध्या स्वरानें चढत जातो. तारेची लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर पहिला पडदा मेरूपासून सुमारें ३.६ सेंटिमीटरांवर, दुसरा सुमारें ७.१ सेंटिमीटरांवर आणि बारावा बरोबर मध्यावर येतो. कॅपो म्हणजे ह्या सहाही तारा एका पडद्यामागें एकदम दाबून धरणारा चिमटा. तो दुसऱ्या पडद्यामागें लावला कीं सर्व तारा एका पूर्ण स्वरानें चढतात, आणि वादकाचीं बोटें मात्र आपल्या ओळखीच्या आकृतीच करीत राहतात. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर कॅपो हा फिरता मेरू आहे. मूळ इटालियन नांवही असेंच कांहींसें सुचवितें : ‘कापोतास्तो’ म्हणजे पट्टीचें, अर्थात् जेथें बोटें चालतात त्या भागाचें, शीर्ष. हा शब्द इ. स. १६४० मध्यें जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी ह्या इटालियन पंडितानें वापरलेला आढळतो. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील जेम्स अ‍ॅशबॉर्न ह्या कारागिरानें १८५० मध्यें आपल्या कॅपोचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून पट्ट्याचे, स्क्रूचे आणि स्प्रिंगचे असे त्याचे अनेक प्रकार निघाले. ज्याच्यापाशीं तेवढेही पैसे नसतील तो एक पेन्सिल तारांवर आडवी ठेवून रबरानें घट्ट बांधतो आणि वेळ निभावून नेतो.

एवढ्याशा ह्या वस्तूस इंग्रजी बोलणाऱ्या वादकांत एक टोपणनांव पडलें आहे : ‘चीटर’, म्हणजे लबाडी करणारा. नांव थट्टेचें आहे, पण थट्टेंतच समाजाचा खरा अभिप्राय पुष्कळदां बाहेर पडतो. आरोपाचें स्वरूप असें आहे : गिटारीवर कांहीं पट्ट्या सोप्या आहेत, कांहीं अवघड आहेत. अवघड पट्टींत वाजवावयाचें तर पहिलें बोट सहाही तारांवर आडवें दाबून धरावें लागतें आणि उरलेल्या तीन बोटांनीं काम करावें लागतें. नवशिक्याचें मनगट त्यानें भरून येतें, बोट दुखतें, तारा नीट वाजत नाहींत. महिने जातात तेव्हां कोठें तें साधतें. कॅपो लावणारा ही शिक्षा चुकवितो. त्याला सर्व पट्ट्यांचें ज्ञान होत नाहीं, बोटाला बळ येत नाहीं, आणि तरीही ऐकणाऱ्यास वाटतें कीं ह्याला सारें येतें. न मिळविलेलें मिळविल्यासारखें दाखविणें, ह्यालाच लबाडी म्हणतात.

हा आरोप आम्ही हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं, कारण त्याच्या मागें एक गंभीर तत्त्व आहे. सद्गुण हे सवयीनें अंगीं बाणतात आणि सवय ही कृति वारंवार केल्यानेंच लागते, असें अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत सांगितलें आहे. वीणा वाजवूनच मनुष्य चांगला वा वाईट वीणावादक होतो, असा दृष्टान्तही त्यानें तेथेंच दिला आहे. आमच्याकडे ह्यालाच साधना म्हणतात. जें सुखानें मिळालें तें टिकत नाहीं, हा पिढ्यांचा अनुभव आहे. तेव्हां कॅपोची बाजू घ्यावयाची तर ‘सोपें तेंच चांगलें’ एवढें म्हणून भागणार नाहीं. साधन हातांत आल्यावर साधनेचें काय होतें, ह्याचें उत्तर दिलें पाहिजे.

पहिली गोष्ट ही कीं कॅपो केवळ दुबळ्यांच्याच हातीं दिसतो असें नाहीं. स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतांतील फ्लामेंको गाण्याच्या साथीला गिटार असते, आणि त्या गिटारीवर कॅपो हा जवळजवळ नेहमींचाच. तेथें त्यास ‘सेहिया’ म्हणतात. शब्दाचा अर्थ लहानशी भिवई. जुनी सेहिया म्हणजे लांकडाचा एक तुकडा, तांतीची एक दोरी आणि ती पिळून घट्ट करण्यास एक खुंटी, एवढेंच. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) ह्यांच्यासारखा ज्याच्या बोटांपुढें जगानें मान लवविली असा वादकही सेहिया लावून वाजवीत असे. त्यास अवघड पट्टी येत नव्हती असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. मग तो ती कां लावी ? ह्याचीं कारणें दोन. एक असें कीं मोकळ्या तारेच्या नादांत जो उजाळा असतो तो बोटानें दाबलेल्या तारेंत येत नाहीं. कॅपो लावल्यानें कोणत्याही पट्टींत तो मोकळा नाद हातीं राहतो. दुसरें कारण नीतीच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. फ्लामेंकोंत गायकाचा गळा हा मुख्य. गिटारीनें त्याच्या गळ्यापाशीं जावयाचें, गळ्यानें गिटारीपाशीं यावयाचें नाहीं.

ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी वाटूं नये. आपल्याकडे तंबोरा गवयाच्या सुरांत लावतात. तंबोऱ्याच्या सोयीसाठीं गवई आपला सूर बदलीत नाहीं. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे जे शब्द आपल्या गायकांच्या तोंडीं बसले आहेत ते पेटीच्या पट्ट्यांवरून आले, पण त्यांचा अर्थ पेटीचा नव्हे, गळ्याचा आहे. साथीदारांची ही अडचण ओळखून पेटी करणाऱ्यांनीं ‘स्केल चेंजर’ पेटी काढली. तींत पट्ट्यांची सबंध रांगच खालच्या सुऱ्यांवर सरकवितां येते, आणि वादक एकाच पट्टीच्या सवयीनें वाजवीत असतां पेटी मात्र गायकाच्या पट्टींत बोलते. कॅपोचेंच हें मोठें भावंड म्हणावयाचें. अमेरिकेंत आयर्व्हिंग बर्लिन (१८८८–१९८९) ह्या गीतकाराची कथा प्रसिद्ध आहे. रशियांतून लहानपणीं आलेल्या गरीब कुटुंबांतला हा मुलगा आपल्या आपण पियानो शिकला आणि मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवूं लागला. जन्मभर त्याची एक पट्टी सुटली नाहीं. त्यानें तरफ ओढतांच सूर बदलणारा पियानो वापरला, आणि त्यावर देशभर लोकांच्या ओठीं बसलेलीं गाणीं रचिलीं. त्याचा तसा एक पियानो आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे.

ह्याच्या उलट उदाहरण बेथोव्हेनचें आहे. त्याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोच्या तालमीच्या वेळीं पियानो इतर वाद्यांहून अर्ध्या स्वरानें उतरलेला निघाला, तेव्हां त्यानें आपला सबंध भाग मनांतल्या मनांत अर्धा स्वर चढवून वाजविला, असें त्याच्या व्हेगेलर नांवाच्या मित्रानें नमूद केलें आहे. ही शक्ति अलौकिकच आहे, आणि तिच्यापुढें बर्लिनची तरफ व आमचा चिमटा दोन्ही केविलवाणीं दिसतात हें आम्ही कबूल करतों. परंतु लक्षांत घ्यावें कीं बेथोव्हेननें ती शक्ति त्या घटकेस प्रदर्शनासाठीं खर्च केली नाहीं. तालीम अडूं नये एवढ्यासाठींच खर्च केली. त्याचें ज्ञान आणि आमच्या नवशिक्याचा कॅपो हीं दोन्ही एकाच हेतूची सेवा करतात : दुसऱ्यांचें संगीत आपल्यावांचून अडूं नये. योग्यतेंत अंतर आकाशपाताळाचें. हेतूंत अंतर नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत एकदां संमेलनाची तालीम चालली असतां एका मुलानें गाणाऱ्या मुलीचा सूर ऐकला, दोन ठिकाणीं चांचपून पाहिलें, आणि चौथ्या पडद्यामागें कॅपो लावला. शेजारीं बसलेले आमचे एक विद्वान सहकारी हळूच म्हणाले, “हें वाजविणें नव्हे, हें कुबड्या घेऊन चालणें आहे.” आम्हीं विचारलें, “त्यानें त्या टाकल्या तर काय होईल ?” ते म्हणाले, “होईल काय ? आधीं शिकेल आणि मग वाजवील.” उत्तर वरवर पाहतां निरुत्तर करणारें आहे, पण त्या संध्याकाळपुरता त्याचा अर्थ काय होतो तो पाहावा. मुलगा एका संध्याकाळींत शिकणार नव्हता. तो आपल्या पट्टींत वाजविणार, आणि त्या मुलीस आपला सूर दोन पूर्ण स्वर खालीं ओढून, घशाच्या तळाशीं पुटपुटत गावें लागणार. म्हणजे शिकण्याचें व्रत मुलाचें आणि उपास मुलीला ! आपल्या अपुरेपणाची किंमत दुसऱ्यास द्यावयास लावून मिळविलेला स्वाभिमान हा कितपत निर्मळ म्हणावा ? मराठींत ‘साथ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, सोबत आणि वाद्याची संगत. आणि ते दोन अर्थ एकाच शब्दांत राहतात हें आम्हांस योग्यच वाटतें. ज्याला सोबत करावयाची त्यानें चालणाराच्या चालीनें चालावें लागतें.

एवढ्यानें आरोपाचें निरसन झालें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्या मुलाच्या गुरूनें दुसऱ्या दिवशीं शिकवणीच्या वेळीं तोच कॅपो काढून पेटींत ठेवावयास लावला असता, तर तेंही तितकेंच योग्य झालें असतें. शिकवणींत कॅपो काढणें बरोबर आणि संमेलनांत लावणें बरोबर, हा विरोध नव्हे. श्रमांत दोन प्रकार आहेत. एक श्रम कामाच्या गाभ्यांतच असतो. तो काढला तर कामच उरत नाहीं. दुसरा श्रम कामाच्या वाटेवर पडलेला असतो. तो काढला तर कामापर्यंत लवकर पोंचतां येतें, इतकेंच. आणि कोणता श्रम गाभ्यांतला व कोणता वाटेवरचा हें साधनावरून ठरत नाहीं. आपण काय करावयास निघालों आहों त्यावरून ठरतें. वारकऱ्याचें चालणें हीच वारी आहे. आगगाडी त्याची वारीच काढून घेते. पण पंढरपूरच्या कचेरींत कामासाठीं जाणाऱ्या गृहस्थाचें आगगाडी कांहींएक काढून घेत नाहीं. शब्दकोश शब्दाचा अर्थ देतो आणि वाक्याचा अर्थ लावण्याचें काम आपल्याकडेच ठेवतो. गाईड तें कामच करून टाकतें, आणि शिकण्यास आलेल्याच्या हातांत शिकण्याखेरीज सर्व कांहीं ठेवतें. शिकवणींत बोटाचें बळ हाच विषय असतो, म्हणून तेथें कॅपो गाईडासारखा; संमेलनांत गाणें हा विषय असतो, म्हणून तेथें तो शब्दकोशासारखा.

आज ह्या विचाराची निकड पूर्वींपेक्षां अधिक आहे. सांगितलेल्या विषयावर क्षणांत निबंध लिहून देणारें यंत्र आतां विद्यार्थ्याच्या खिशांत आलें आहे, आणि त्यामुळें शिक्षकवर्ग दोन तटांत विभागला गेला आहे. एक तट म्हणतो, सर्व बंद करा. दुसरा म्हणतो, काळ बदलला, सर्व चालूं द्या. दोन्ही तट यंत्राकडे पाहतात. काय करावयास निघालों होतों तिकडे कोणीच पाहात नाहीं. निबंध हा कागद भरण्यासाठीं लिहवून घेतात काय ? विद्यार्थ्यानें एखाद्या प्रश्नावर विचार करावा, अडखळावें, आपलेंच मत आपणांस पुरतें ठाऊक नाहीं हें त्यास लिहितांना कळावें, ह्यासाठीं तो लिहवून घेतात. तें अडखळणें काढून घेतलें म्हणजे उरतो तो कागदच. आणखी असें कीं वहीवर आपलें नांव घालून ती पुढें करणारा विद्यार्थी न बोलतां एक विधान करीत असतो : हा विचार माझा आहे. तें विधान खोटें असेल तर लबाडी तेथें आहे. यंत्रांत लबाडी नसते, चिमट्यांतही नसते; साधनाच्या आडून आपण जें विधान करतों त्यांत ती असते.

साधनावर आक्षेप घ्यावयाचाच तर तो कसा घ्यावा, ह्याचा नमुना आमच्याच संगीताच्या इतिहासांत सांपडतो. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या कार्यक्रमांतून पेटीस बंदी केली, आणि ती पुढें सुमारें तीन दशकें टिकली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. ह्या विरोधांतील सकस भाग असा कीं पेटीचे स्वर आधींच ठरून गेलेले. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तींतून निघत नाहीं, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद ती पुसून टाकते. म्हणजे पेटी सोपी आहे म्हणून वाईट असें हा आक्षेप म्हणत नाहीं. ती संगीताच्या गाभ्यांतलें कांहीं काढून घेते असें म्हणतो. अशा आक्षेपाला उत्तरही गाभ्यांतूनच द्यावें लागतें, आणि गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांच्यासारख्या वादकांनीं तें वादविवादांत नव्हे तर पेटीवरच दिलें. त्यांच्या बोटांखालीं ती गळ्याच्या किती जवळ जाऊं शकते हें महाराष्ट्रानें ऐकलें. कॅपोलाही हाच प्रश्न विचारावा. तो गिटारीचें काय काढून घेतो ? खालचे कांहीं सूर त्या गाण्यापुरते मिटतात; आणि तो सूर चढवूं शकतो, पण उतरवूं शकत नाहीं. हा तोटा खरा आहे आणि तो वाजविणाऱ्यास ठाऊक असला पाहिजे. पण ऐकण्याचें, तोलण्याचें, लय सांभाळण्याचें कोणतेंही काम तो वादकाच्या अंगावरून काढीत नाहीं. कोणत्या पडद्यामागें बसावें हें कॅपोस कळत नाहीं. तें वादकाच्या कानालाच कळावें लागतें.

येथें स्वस्तपणाचा मुद्दा येतो, आणि आमच्या मतें सर्व प्रश्नाचा नैतिक कणा तेथेंच आहे. महाग कॅपोस दाब कमीजास्त करण्याची सोय असते. स्वस्त कॅपोची स्प्रिंग एकाच दाबाची. ती कोणाच्या गिटारीचें माप घेऊन केलेली नसते. दाब अधिक झाला तर तारा ताणल्या जाऊन सूर चढतात, आणि जाड व बारीक तारा सारख्या चढत नाहींत. दांडीचा पृष्ठभाग किंचित् गोलवट असला आणि कॅपोची पट्टी सरळ असली, तर मधल्या तारा नीट दबतात आणि कडेच्या तारा खरखरतात. ह्यावर उपाय आहे, पण तो विकत मिळत नाहीं. कॅपो पडद्याला लागूनच, त्याच्या किंचित् मागें, सरळ लावावा. एकेक तार छेडून ऐकावी. जी बेसूर असेल तिची खुंटी पुन्हां पिळावी. आणि गाणें संपून कॅपो काढल्यावर पुन्हां एकदां तेंच करावें. म्हणजे मनगटाचा जो श्रम वाचला तो कानाला द्यावा लागतो. स्वस्त साधनाचा हाच स्वभाव आहे : तें मदत करतें, पण आपल्याकडे दुर्लक्ष करूं देत नाहीं. गरिबीचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याला चांगली वस्तु घेतां येईल त्यानें ती अवश्य घ्यावी. पण स्वस्त म्हणजे हलकें आणि हलकें म्हणजे लबाडीचें, ही जी उतरंड आपल्या मनांत नकळत रचली जाते ती एकदां तपासून पाहिली पाहिजे.

कारण ज्या साधनांची आपणांस लाज वाटते त्यांची यादी केली, तर तीं बहुतेक स्वस्त असतात असें दिसून येईल. उत्तम कारागिरानें केलेली गिटार, जिच्या तारा दांडीच्या इतक्या जवळ बसविलेल्या असतात कीं बोटाला दाब द्यावाच लागत नाहीं, ती साधन नव्हे काय ? सरावासाठीं घरांत मिळालेली स्वतंत्र खोली, आठवड्यास दोनदां घरीं येणारा शिक्षक, बोट दुखलें तर थांबण्याची मोकळीक, हीं साधनें नव्हेत काय ? त्यांनींही श्रम वाचतातच. पण त्यांस आपण चिमटा म्हणत नाहीं, संस्कार म्हणतों. विद्येच्या क्षेत्रांतही असेंच आहे. ज्या मुलाच्या घरीं दोन कपाटें पुस्तकें आहेत आणि जेवतांना वडील कादंबरीवर बोलतात, त्याचें उत्तर चांगलें आलें कीं आपण त्याच्या बुद्धीची स्तुति करतों. ज्याच्या गांवीं ग्रंथालय नाहीं त्याच्या हातीं गाईड दिसलें कीं आपण त्याच्या नीतीविषयीं बोलतों. गाईड तें गाईडच. त्यासंबंधीं वर सांगितलेला दोष त्यामुळें पुसला जात नाहीं. पण दोष देणाऱ्यानें आपल्या पाठीशीं उभीं असलेलीं, इतकीं मोठीं आणि इतकीं जुनीं कीं डोळ्यांस दिसेनाशीं झालेलीं, साधनें आधीं मोजावीं. श्रीमंताच्या साधनास परंपरा म्हणावें आणि गरिबाच्या साधनास लबाडी म्हणावें, हा न्याय नव्हे.

तेव्हां साधनाविषयीं विचारावयाचे प्रश्न आम्हांस दोनच दिसतात. पहिला, ह्यानें वाचविलेला श्रम गाभ्यांतला कीं वाटेवरचा ? दुसरा, जो श्रम वाचला तो गेला कोठें ? हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सोय झाली एवढ्यानें हिशेब पुरा झाला असें आपण समजतों. वास्तविक हिशेब तेथें सुरू होतो. कॅपोनें वाचलेलें मनगट गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देण्यास उपयोगीं पडलें, तर चिमटा सत्कारणीं लागला. तें नुसतेंच मोकळें राहिलें, वादक चार आकृतींवर जन्म काढूं लागला, आणि पांचवी शिकण्याची इच्छाही मावळली, तर दोष घडला. पण तो चिमट्याचा नव्हे. बर्लिननें आपल्या तरफेनें वाचविलेला वेळ गाणीं रचण्यांत घातला, म्हणून त्याची तरफ संग्रहालयांत गेली.

साधन आणि साधना हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. त्यांचें वैर आपण लावून दिलें आहे. जें साधन साधनेला पुढच्या पायरीवर नेऊन सोडतें तें घ्यावें आणि उघडपणें घ्यावें. तें लपवावेंसें वाटूं लागलें तर मात्र थांबून विचार करावा. कारण लपविण्याची इच्छा ही बहुधा आपण कांहीं खोटें विधान करण्याच्या बेतांत असल्याची पहिली सूचना असते. कॅपो ह्या परीक्षेंत सहज उतरतो. तो दांडीवर, तारांच्या वर, उघडाच बसलेला असतो, आणि शेवटच्या रांगेंतल्या श्रोत्यालाही दिसतो.